पोर्थहेलीची भिंत

ओटावा, १२ मार्च २०१७

प्रिय दिलीप,

तुझ्या नियोजित रिसॉर्टचे माहितीपत्रक मिळाले. “ताई, वेल्समधल्या त्या पोर्थहेलीच्या इतिहासावर तू आयुष्य घालवलंस, आता आपल्यासाठी दोन गोड ओळी लिही,” असे तू फोनवर म्हणालास. त्याच दमात, आपल्या माडांच्या वाडीतून खाडीकडे जाणारी पाणंद कधी नव्हतीच, असा सहहिस्सेदार म्हणून माझा जबाबही मागितलास. दोन ओळींत थांबणे मला विद्यापीठातही कधी जमले नाही. तेव्हा नीट वाच.

पोर्थहेली मुळात गाव नव्हतेच. वाळूच्या टेकड्यांआड हेरिंग मासे खारवणाऱ्यांच्या मूठभर झोपड्या आणि मागे दलदल. जमीनदाराने बांध घालून ती आटवली, तीही गुरांच्या चाऱ्यासाठी. समुद्राचे त्याला काडीचे कौतुक नव्हते. मग रेल्वे आली, आणि काय विलक्षण उलथापालथ झाली बघ! जिथे गवत धड उगवत नव्हते, त्या वाळूचे भूखंड पडले. गिरण्यांच्या शहरांतून माणसे हवापालटाला येऊ लागली. बायकांना लोकांच्या नजरेआड समुद्रात उतरता यावे म्हणून घोडे चाकांवरच्या लाकडी खोल्या पाण्यात ओढत नेत. खाणावळी, बँड, चर्च, सारे एका पिढीत उभे राहिले. हे सांगताना मला आजही हुरूप येतो.

पुढे पाहुण्यांना फिरायला फरसबंद रस्ता हवा झाला आणि त्याच्या कडेने भिंत आली. ओहोटीला शिंपले वेचायला जाणाऱ्या बायकांची पायवाट तिने बंद केली. वळसा घालून जा, असे त्यांना सांगण्यात आले. वळसा संपेपर्यंत भरती लागे. थोड्याच वर्षांत त्या बायका खाणावळींतल्या चादरी धुऊ लागल्या. याला ‘स्थानिकांना रोजगार’ म्हणतात. तुझ्या माहितीपत्रकात अगदी हेच शब्द आहेत. पुढे पाहुणे स्वस्त विमानांनी स्पेनला जाऊ लागले, हॉटेले ओस पडली. भिंत राहिली.

पाणंदीवर तू घातलेली चिऱ्यांची भिंत मला खाडीत तिसरे, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या सीमाकडून कळली. “माधवीताय, तिसरे काय आता तुमच्या भावाच्या गेटीर येतले?” असे तिने विचारले. तुला विचारले तर तू म्हणालास, “तू तिकडे बर्फ शोव्हल करत बस, इथलं मी बघतो.” ओजस शेजारीच होता. “आई, मामा इज द लँडलॉर्ड!” म्हणाला.

सीमाच्या तक्रारीवर तहसीलदारांपुढे चौकशी लागली आहे, हे तू मला सांगितले नाहीस. माझा जबाब परवाच तिकडे रवाना झाला. बाबांनी वाडी घेतली त्याआधीपासून ती पाणंद वापरात आहे, आणि आई स्वतः त्या बायकांबरोबर टोपली घेऊन तिथून जात असे, असे मी त्यात लिहिले आहे. तो शपथेवर सांगायला मी येत आहे. स्टेशनवर गाडी पाठवू नकोस. मी सीमाकडे उतरणार आहे.

नात्याने तुझीच,
माधवीताई