मनोरा कंपनीचा शेवट

प्रिय कल्याणी,

फोन करायचा सोडून ही बाई पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून. तर सांगायचं म्हणजे, तुझा सिनेमा सापडला. गेल्या दिवाळीत आमच्या ओट्यावर बसून तू म्हणाली होतीस, "शाजादी, मरायच्या आत ती आई घरी आलेली एकदा बघायची हाय मला," तोच. माझ्या नातीनं, कशफनं, तो मोबाइलवर शोधून काढला. पण महिनाअखेरीला तो तिथून जाणार आहे. मनोरा कंपनी पुन्हा विकली गेली म्हणे, आणि नव्या मालकाला जुने सिनेमे ठेवायचे नाहीत.

हॉलिवूडच्या त्या स्टुडिओचं खरं नाव आपल्या जिभेवर कधी बसलंच नाही. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर समुद्रातला दिव्याचा मनोरा यायचा आणि त्याचा झोत फिरत फिरत अंगावर आला की आपण दोघी खाली वाकायचो, म्हणून ती मनोरा कंपनी. कशफनं तिची सगळी कहाणी मला वाचून दाखवली आणि मी तोंडात बोटं घालून ऐकत राहिले. अगं, त्यांची स्वतःची नदी होती, खोदून काढलेली! काठावर लाकूड-पुठ्ठ्यांचं गाव, आत शिंपी, सुतार, घोड्यांचे डॉक्टर, एक बाई तर नुसती टोप्यांना पिसं लावायला. खोटा बर्फ पाडायला वेगळी माणसं. मग घरोघर टीव्ही आला, लोक थिएटरात येईनासे झाले आणि कंपनी विकायला निघाली. एकानं घेतली, त्यानं दुसऱ्याच्या गळ्यात घातली. कपड्यांचा लिलाव झाला, नदी बुजवून तिच्यावर बंगले झाले. डब्यांतले सिनेमे तेवढे उरले, तेही या हातातून त्या हातात. मला नवल वाटतं ते याचं की ती बुजवलेली नदी काल माझ्या तळहातावर वाहत होती. बर्फ पाडणारी माणसं केव्हाच मातीत गेली आणि त्यांचा बर्फ अजून पडतोच आहे. सुभानल्ला म्हणण्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

आणि एवढी थोर कंपनी रविवारी सकाळी जालन्यात आली की माझ्या अब्बांच्या ताब्यात जायची. इंग्रजी कुणाला कळत नसे, म्हणून मशीनवरचे रखमाजी आवाज बारीक करायचे आणि अब्बा पडद्याच्या बाजूला माइक धरून गोष्ट सांगायचे. "देखो, ह्यो अप्पाराव, मंठ्याचा जिनिंगवाला. नियत बिलकुल खराब हाय ह्याची." सोनेरी केसांची गोरीपान बाई असेल तिचं नाव बेबीनंदा, आणि नदी कुठलीही असो, ती शहागडची गंगा, आपली गोदामाई. कुणाला त्यात काही खटकत नसे. मी तर कॉलेजात जाईपर्यंत अमेरिकेत कापसाचे जिन फार आहेत असं धरून चालले होते. तेव्हा मला ते सगळं साधं वाटायचं. आता वाटतं, साता समुद्रापलीकडच्या त्या लोकांना ठाऊक तरी होतं का, की त्यांच्या नट्या इथं मराठवाड्याच्या लेकी होऊन नांदतायत.

त्या रविवारी तुझी आई औरंगाबादच्या दवाखान्यात होती. तुझे वडील सकाळीच थिएटरवर येऊन अब्बांशी काहीतरी बोलले आणि आपल्याला पुढच्या बाकावर बसवून गेले. सिनेमात एक आजारी आई नावेत बसून पलीकडच्या शहरात औषधपाण्याला जाते आणि तिची पोरगी रोज काठावर येऊन वाट बघते. शेवटी बर्फात नाव येते, आईचा कोट घातलेली बाई उतरते, पोरगी पळत जाऊन तिला बिलगते. त्या बाईचं तोंड धुक्यात धड दिसत नाही, आपल्या पडद्यावर तर तसंही कुणाचं धड दिसत नसे. अब्बांचा आवाज त्या दिवशी चिरकला होता. "आली! बेबीनंदा आली. पोरीची माय घरला आली." अख्ख्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या, तू तर बाकावर उभी राहून. मग आपण घरी गेलो, तर तुमच्या दारात माणसं जमली होती.

तेराव्यानंतर उषामावशी तुमच्याकडेच राहिली. तुझ्या आईचीच पातळं नेसायची. वर्षभरानं तुझ्या वडिलांनी तिच्याशी लग्न केलं, पण तू तिला कधी आई म्हणाली नाहीस. एकदा शाळेतून येताना मला विचारलंस, "त्या पोरीची आई आली, मंग माझ्या घरी मावशीच का आली?" आपल्या दोघींना नातवंडं झाली तरी ते तुझ्या मनातून गेलं नाही. सेवा तू बराबर करतेस, मावशीला बदनापूरला आणून फुलासारखं ठेवलंयस, त्यात कुणी नाव ठेवायला जागा नाही. हाक मात्र मावशीच. आणि परवा तू म्हणालीस की आता ती पेजही गिळत नाही.

काल मी तो सिनेमा शेवटपर्यंत बघितला. खाली हिंदीत सगळं बोलणं लिहून येतं. कल्याणी, नावेतून आई उतरत नाही गं. आई पलीकडेच वारली आहे. उतरते ती तिची धाकटी बहीण, बहिणीनं जाताना दिलेला कोट अंगात घालून, पोरीला सांभाळायला आलेली. अब्बांना इंग्रजी चांगलं कळायचं. तुझ्या वडिलांनी त्यांना त्या सकाळी बातमी दिली होती आणि खेळ संपेपर्यंत पोरीला बसवून ठेवा म्हणून विनवलं होतं, हे अम्मीनं मला फार पुढं सांगितलं. समोर तू बसलेली, आई गेली हे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. एवढ्या मोठ्या कंपनीनं रचलेला शेवट माझ्या बापानं एका पोरीसाठी बदलला. त्यांना चुकले म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण त्यांच्या त्या मायेपायी तू सिनेमातल्या आईची वाट बघत बसलीस आणि नावेतून उतरली ती तुझ्याच घरात होती. हे तुला मावशीच्या देखत कळू नये म्हणून आधी पत्र. शनिवारी कशफला घेऊन मी बदनापूरला येते. मोबाइल मावशीच्या उशाशी ठेवू, आवाज मोठा करू, खाली लिहून येतं ते तू तिला वाचून दाखव, मी मधे काही सांगणार नाही. शेवटी ती पोरगी त्या कोटातल्या बाईला विचारते, तुला आई म्हणू का. मावशीला अजून ऐकू येतं, कल्याणी.

तुझीच, पुढच्या बाकावरची
शहाजादी