संत्र्यांच्या नावावर

३ नोव्हें., सोम.
आयकराचं पत्र. ई-मेलवर आलं, चार वेळा वाचलं. रिटर्नमध्ये दाखवलेल्या शेती उत्पन्नाचे पुरावे द्या. सातबारा, विक्रीच्या पावत्या, आणि दर महिन्याला खात्यात भरलेली रोख कुठून आली ते. मुदत पंधरा दिवस.
संत्री दर महिन्याला निघत नाहीत, हे दिल्लीतल्या कॉम्प्युटरलाही कळलं. मला नाही कळलं. आणि मी म्हणे मुलांना विज्ञान शिकवते.

५ नोव्हें.
कॉलेज सुटल्यावर इतवारीत, देशकर काकांकडे. माझं रिटर्न तेच भरतात. भांड्यांच्या दुकानावरची माडी, खालून ठोकाठोक, वर मी रडकुंडीला.
"काका, शेतीत दाखवू म्हणून तुम्हीच बोलले होते."
"बोललो ना, मॅडम. शेतीवर टॅक्स नाही, सगळेच टाकतात. तुमच्या माहेरी बगीचा हाय, म्हणून टाकलं. आता भावाकडून स्टँपवर लिहून आना, का बहिणीच्या हिश्शाचे संत्रे विकून पैसे देल्ले. भावाबहिणीत पावती कोन ठेवते?"
खरं सांगितलं तर?
"टॅक्स, व्याज, अन् टॅक्सच्या दुप्पट दंड. अन् पैसे क्लासचे होते, असं लिहून द्या लागन. तुमचं कॉलेज अनुदानित हाय ना?"
आहे. दर जूनला हमीपत्र देते, खाजगी शिकवणी घेत नाही म्हणून. खाली ठसठशीत सही. आणि संध्याकाळी पाचला नंदनवनच्या क्लासात केमिस्ट्री. नवऱ्याची, सुधीरची, बुटीबोरीच्या कारखान्यातली नोकरी गेली, घराचे हप्ते थकत होते, म्हणून क्लास धरला. तिथवर ठीक. पण कर चुकवणं, तो निव्वळ हावरेपणा. त्याला सुधीरची नोकरी कशाला पुढे करायची.

८ नोव्हें., शनि.
ऑनलाइन सातबारा काढला. माझं नाव नाही. असेल कसं? बाबा गेल्यावर हक्कसोड करून दिलं, निबंधकाच्या कार्यालयात अंगठा मीच टेकवला. भावाने, गजूने, साडीचोळी केली. गाव म्हणालं, बहीण असावी तर अशी. आणि नंतर तीन वर्षं मी तीच संत्री कागदावर विकली. विसरले होते असं नाही. वाटलं, कोण पाहतं.

९ नोव्हें.
एस.टी.ने गावी. नरखेडपासून पुढे गजूने गाडीवर नेलं. घरी गेल्यावर सगळं सांगितलं त्याला. धाकटा आहे, पण ऐकताना बाबांसारखा मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "दे वं ताई कागद. कुठी सही करू?"
मंदा, त्याची बायको, चहा घेऊन आली. "कोनत्या सालचं हाय, बाई?"
साल सांगितलं. ती कप धरून उभीच. त्या साली फळगळ झाली होती. झाडाखाली नुसता सडा. तलाठ्याने पंचनामा केला, नुकसानभरपाई मिळाली, विहिरीवर नवी मोटर बसली. म्हणजे गजूने सरकारला लिहून दिलंय की संत्री हाती लागलीच नाहीत. आता माझ्यासाठी त्यानेच लिहून द्यायचं की लागली, विकली, बहिणीला पैसे दिले.
"पैसे तुमचे, संत्रे आमचे, अन् खोटं बी आमीच बोलाचं काय, बाई?"
गजू तिच्यावर ओरडला. तिचं काय चुकलं? माझी वर बघायची हिंमत झाली नाही. चहा तसाच.

१२ नोव्हें.
सुधीर म्हणतो, "तो कागद तलाठ्याकडे, हा आयकरात. दोन्ही जुळवून पाहाले कोन बसलं?"
कोण पाहतं! माझंच वाक्य.

१४ नोव्हें.
प्राचार्यांच्या केबिनबाहेर दहा मिनिटं उभी होते. आधी आपणच सांगून टाकू, मग आयकराला लिहू, असं ठरवून गेले होते. शिपाई म्हणाला, "मॅडम, काही काम होतं काय?" नाही म्हटलं. नऊ वर्षं राहिली पेन्शनला.
प्रॅक्टिकलला ब्युरेट हातातून निसटली. पोरींना वाटलं, मॅडमची शुगर कमी झाली. एकीने चॉकलेट आणून दिलं. खाल्लं.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी दारात गजू. फोन नाही, काही नाही. शर्टाच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीतला स्टँप पेपर काढला. कोरा. तळाशी त्याची सही.
"तुले जे लिहाचं ते लिही. मी वाचत नाही. वाचलं तं सही होनार नाही माझ्याच्यानं."
"मंदाले माहीत हाय?"
"तिले काहून सांगू?"
जेव म्हटलं तर काटोलची बस चुकते म्हणाला. गेला. दार लावून खूप रडले. मी हक्क सोडला तेव्हा इतकं बिनबोभाट काही दिलं नव्हतं. साडी घेतली होती.

१७ नोव्हें.
उद्या शेवटचा दिवस. कॉलेजात रजा टाकली.
टेबलावर त्याचा स्टँप पेपर. देशकर काकांनी सांगितलेला मजकूर पाठच आहे. शेजारी माझा साधा कागद, त्याच्यावर "मी खाजगी क्लासमध्ये" इथवर लिहून झालंय. पुढे पेन चालत नाही. स्टँप पेपरवर तर अजून टेकवलंच नाही. सुधीर दोनदा डोकावून गेला.
दुपारी गजूचा फोन.
"झालं काय वं ताई लिहून?"
"लिहून राहिली," म्हटलं.
कोणत्या कागदावर, ते त्याने विचारलं नाही.