फुकटातल्या सहली

मिझुरी, १४ जुलै

प्रिय वर्नाताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही ठीक आहोत. तुझ्या मेहुण्याचा, डेलचा गुडघा बरा आहे, टोमॅटो लालेलाल झालेत. तुझी शाळेची सुट्टी बरी चालली असेल.

टेसला मी घरीच शिकवते; आमच्या या घरच्या शाळेला सुट्टी नाही, हे वाचून तू नाक मुरडशील. मुरड. यंदा उन्हाळी सहलींची यादी मी केली. सगळं चाळीस मिनिटांच्या आत आणि पाच डॉलरच्या खाली: अग्निशमन केंद्र, मत्स्यबीज केंद्र, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र. हो, मैलापाणी! कायद्याने वर्षाला हजार तास शिकवल्याचं वहीत दाखवावं लागतं, त्यामुळे आमच्यासारख्या आया मुंगी दिसली तरी विज्ञानाचा पाव तास लिहितात.

गेल्या मंगळवारी त्या मैलापाणी केंद्रात गेलो. वास असा की मुलांनी सदऱ्यांनी नाकं झाकली. घरी शिकवणाऱ्या आयांच्या आमच्या गटाची म्होरकी बॉनी नाकाला रुमाल लावून म्हणाली, "जोलीन, कमाल केलीस गं! फुकटात एवढं विज्ञान!" मी फुगले. माहिती देणाऱ्या माणसाने मुलांना विचारलं, "काही शंका?"

आमच्या टेसने हात वर केला. "याचे किती तास धरायचे?"

सगळे हसले. मीही हसले. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आई, आजीला पुरलं त्याचे तू तीन तास धरलेस ना? मी वही बघितली."

ताई, धरले होते. नऊ एप्रिल, समाजशास्त्र, तीन तास. खाली गणित, अर्धा तास. बाबांच्या कबरीच्या दगडावर आईचं नाव आणि जन्मसाल आधीच कोरलेलं होतं, मृत्यूचं साल तेवढं कोरं. मी टेसच्या हातात कागद लावलेली क्लिपची पाटी दिली आणि म्हटलं, "आजीचं वय काढ बघू." तू ते पाहिलंस. "आईला तरी सोडायचंस," एवढंच म्हणालीस आणि निघून गेलीस. मी मात्र गावभर सांगत सुटले की वर्ना शाळेत शिकवते ना, तिला आमचं बघवत नाही.

"तू रडली नाहीस तेव्हा," मी टेसला म्हटलं. मला वाटलं, बचाव सापडला.

"रडले असते तर वजाबाकी चुकली असती."

अकरा वर्षांची पोर, ताई. त्या मैल्याच्या टाक्यांपाशी आली नव्हती एवढी किळस मला माझी आली. अजून येते. ते पान मी फाडलं, पण ते तिच्या डोक्यातून कसं फाडू? त्यानंतरच्या सहलीला ती गाडीतून उतरलीच नाही. काचा वर करून बसली. मी जवळ गेले की आधी माझ्या हातात पेन्सिल आहे का ते बघते.

काल विचारत होती, "मावशीकडे राहायला जाऊ?" ऑगस्टमध्ये दोन आठवडे ठेवशील? माझ्यावर राग धर, तो माझाच आहे. तिच्यावर नको. बरोबर वह्या देणार नाही. तुझ्याही काढू नकोस.

एकदा तिला आईच्या कबरीवर घेऊन जा. मी नेलं तर ती पुन्हा हिशेबच करत बसेल. तुझ्यापाशी कदाचित रडेल. रडली, तर घड्याळाकडे बघू नकोस.

तुझी, तोंड दाखवायला लाजणारी,
जोलीन