पडद्यावर थांबलेलं बाळ

प्रिय आईस,

मी बरी आहे. इथली मक्याच्या पिठाची एनशिमा पोटभर खाते, काळजी करू नकोस.

दवाखान्यातल्या सोनोग्राफीच्या यंत्राला जोडायला लुसाकाहून छोटा लॅपटॉप आणला. दुकानदार म्हणाला, "सिस्टर, महागडा घेऊन करायचंय काय? हा निम्म्या किमतीत आहे, शिवाय सायकलवर नेण्याइतका हलका." उरलेल्या पैशांत बाळंतिणींच्या खोलीसाठी सौरदिवे येत होते, म्हणून तोच घेतला.

काल तिसाउके नावाची गरोदर बाई तपासून घ्यायला आली. पडद्यावर बाळ दिसलं आणि एकाएकी त्याचं काळीज हलायचं थांबलं.

"सिस्टर, गप्प का झालात? बोला ना!"

मी ठोके ऐकायची लाकडी नळी तिच्या पोटाला लावून कान टेकला. आई, ठोके चालू होते! बाळ ठणठणीत होतं, त्या स्वस्त लॅपटॉपवरचं चित्र तेवढं अडकलं होतं.

तिला "छान आहे बाळ" म्हटलं आणि मागच्या अंगणात जाऊन रडले.

आता दिवे परत करून चांगला लॅपटॉप घेणार. बाळंतपणं कंदिलाच्या उजेडात करू. तोवर रोज यंत्र लावलं की नळीनेही ऐकते.

धाकट्या बहिणीला, लुयांदोला, कितवा महिना लागला? तिच्या नर्सला म्हणावं, नळीनेही ऐका.

तुझीच,
मुतिंता