थर्माकोलचं थडगं

प्रिय शालन,

तू गेल्यापासून दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. टाकणार कुठे, हाही प्रश्नच होता. आज लिहायला बसलो, कारण आपल्या नातीने, रुचाने, दारात तुझं थडगं उभं केलंय.

घाबरू नकोस, थर्माकोलचं आहे. घाबरलो मीच. इथे बहारीनला आमच्या आवारात मुलं हॅलोविन करतात, भुताखेतांचा सण. घरापुढे खोटी थडगी मांडायची आणि त्यांवर विनोद लिहायचे. शेजारचं सुनेने वाचून दाखवलं, "एसी वाढवा, खाली फार उकडतंय." मेलेल्या माणसाची अशी चेष्टा करतात का गं?

आणि तुझ्यावर काय लिहिलंय? "आजी. आलेच हं पाच मिनिटांत."

आपल्यात थडगं असतं का? दहाव्याला पान ठेवल्याबरोबर कावळा शिवला होता, सगळे म्हणाले, सुटली. आता असं लिहून तुला माघारी बोलवायचं? अर्ध्या वाटेत अडकलीस तर? मी प्रकाशला म्हटलं, "काढ आधी ते."

"बाबा, पोरांचा खेळ आहे. दोन दिवसांत खलास."

"म्हणजे मग तुझी आई कचऱ्याच्या डब्यात जाणार?"

रुचा रडवेली झाली. "आजोबा, आजी असंच म्हणायची ना? शी वॉज फनी."

खरंच की. विरजण आणायला शेजारी जायचीस आणि चार बायकांना हसवून तासाभराने यायचीस. पण तू गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी कुणी हे बोललं? माउली होती, सोशिक होती, एवढंच. मीही मान डोलावत राहिलो. परीक्षेमुळे गावी येऊ न शकलेल्या पोरीला तेवढं आठवलं. एरवी इंग्रजीत उत्तरं देते, पण हे आईला विचारून विचारून मराठीत लिहिलंय. साऱ्या आवारात मराठी थडगं तुझं एकटीचंच.

राहू दिलंय. वाऱ्याने पडेल म्हणून मागे विटा लावल्या, तरी सारखा बघून येतो.

डब्यात मात्र जाऊ देणार नाही, माझ्या कपाटामागे ठेवीन. आणि रुचाला तुझ्या सगळ्या गमती सांगेन. तू माझ्या आत्याची नक्कल करायचीस, तीही करून दाखवीन. मला जमत नाही, ठाऊक आहे. पण पोरगी हसेपर्यंत करेन.

तुझाच,
दत्ताराम