लाल काच, पिवळी काच

भोर,
ता. १० जानेवारी १९३७

ती. सौ. ताईस,
उपेंद्रचा कृ. सा. न. वि. वि.

गुंजवण्याचा गेनबा बाजाराला आला होता, त्याने तू दिलेले तांदूळ आणि घोंगडी घरपोच केली. तांदूळ शिजला की सगळ्या आळीला वास जातो आणि मग शेजारपाजारचे काही ना काही निमित्त काढून डोकावतात. घोंगडी मी पांघरत नाही. तिची फोटोच्या कामी योजना झाली आहे. न्हाणीघराच्या खिडकीवर ती टांगली की आत असा अंधार होतो की प्लेटा निर्धास्त धुता येतात. रागावू नकोस.

सध्या मी मोठ्या पेचात आहे. पुण्याच्या ओळखीच्या दुकानदाराने माझ्या कॅमेऱ्याला बसतील अशी दोन भिंगे पाहायला पाठवली आहेत. एक ठेवायचे, एक परत करायचे. पहिले आखूड. त्यातून पुढचे सगळे या टोकापासून त्या टोकापर्यंत मावते. तुमच्या वेल्ह्याच्या अंगणात उभे राहिले तर अख्खा तोरणा एका प्लेटीवर येईल. दुसरे लांब. त्यात डोंगर मावायचा नाही, पण माणसाचा चेहरा असा येतो की समोर बसून बोलतो आहे असे वाटावे. आखूड भिंगाने चेहरा घ्यायचा तर फार जवळ जावे लागते आणि नाक फुगते. घरातल्या मंडळींवर हा प्रयोग करून झाला. तो फोटो पाहिल्यापासून माझ्या ताटात भाजी कमी पडते.

डोंगराचे वेड मला लहानपणापासूनचे, तुला ठाऊकच आहे. तेव्हा बहुतेक आखूडच ठेवीन.

सोबत भिंगापुढे लावायच्या रंगीत काचाही आल्या आहेत. पिवळी लावली तर ढग उठून दिसतात. लाल लावली तर मोठी गंमत होते. आता सगळे रंग ओळखणाऱ्या नव्या प्लेटा निघाल्या आहेत. त्यांवर लाल काचेतून फोटो घेतला की लाल रंग पांढरा होतो. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचा घेतला, तर शेजारच्या काकूंनी एवढा लसूण कशाला आणलात म्हणून विचारले.

ती. नानांना सा. न. आणि सुहासला आशीर्वाद सांग. घरातून तुला नमस्कार. पत्र पाठवण्यात हात आखडता घेऊ नकोस, ही विनंती.

तुझा,
उपेंद्र

---

वेल्हे,
ता. १७ जानेवारी १९३७

चि. उपेंद्र यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझे पत्र इकडे वाचून दाखवले. इकडून म्हणणे झाले की कचेरीत आमचा साहेबही एखादा निकाल द्यायला इतके दिवस लावत नाही. माझी घोंगडी मात्र मला परत हवी. इथे तोरण्यावरून वारा उतरतो तेव्हा तुझ्या प्लेटा मला ऊब देणार नाहीत.

आता कामाचे लिहिते. हे पत्र वाचून झाल्यावर नीट ठेव, इकडेतिकडे टाकू नकोस.

आपल्या सुहासला एक स्थळ आले आहे. मुलगा तुझ्या जवळच, भाटघरच्या धरणावर ओव्हरसियर आहे. नाव शरच्चंद्र. वडील लहानपणीच वारले. आईने वाढवले, ती त्याच्याजवळच असते. माणसे सालस आहेत असे सगळे सांगतात. त्यांनी आधी फोटो मागितला आहे.

तुला मागचे आठवत असेल. पुण्याला जाऊन काढलेल्या फोटोत सुहासच्या डाव्या गालावरचे जन्मखुणेचे लासे शाई सांडल्यासारखे काळे आले. समोरासमोर ते तांबूस दिसते, आपल्याला तर दिसतसुद्धा नाही. पण त्या मंडळींनी मुलगी न पाहताच फोटो परत केला. त्या दिवसापासून ती अंगणात बसताना डावी बाजू भिंतीकडे करून बसते.

तू मिरच्यांचे लिहिलेस ते वाचून माझ्या मनात एकच गोष्ट आली. लाल मिरची पांढरी होते तर लाल लासेही जाईल ना? तेवढे कर. एकदा त्यांनी तिला येऊन पाहिले, तिचे बोलणे ऐकले, की पुढचे देव पाहून घेईल. तिला यातले काही सांगू नकोस. मामाला फोटो काढायचा आहे, एवढेच सांगून मी तिला तुझ्याकडे पाठवते.

तुझ्या भरवशावर असलेली,
ताई

---

भोर,
ता. २२ जानेवारी १९३७

ती. सौ. ताईस,
उपेंद्रचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. आखूड भिंग आजच पुण्याला परत पाठवले. लांब ठेवून घेतले. तोरणा कुठे जात नाही.

तू विचारलेस ते होईल. पुण्याच्या फोटोवाल्याचा तरी काय दोष, जुन्या प्लेटांना लाल रंग दिसतच नाही, म्हणून त्या लालाला काळे करतात. लाल काच त्याच्या उलट करते. दोन्ही खोटेच. हलकी पिवळी काच लावली तर साधारण डोळ्याला दिसते तसे येते. मी तुला हे लिहितो आहे ते वाद घालायला नव्हे. तू आई आहेस, तुझा जीव का तुटतो ते मला कळते. लाल काचेतून एक फोटो घेईन.

पण सुहासने विचारले तर मी तिच्याशी खोटे बोलणार नाही. एवढी सवलत मला दे. पोरीला लवकर पाठव, घरात तिची वाट पाहणे चालू आहे.

तुझा,
उपेंद्र

---

वेल्हे,
ता. १४ फेब्रुवारी १९३७

ती. मामांचे सेवेशी,
सुहासिनीचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. मामींनी बांधून दिलेले लाडू गाडी गुंजवण्यापर्यंत यायच्या आत संपले, त्यात अर्धे गेनबाने खाल्ले. त्याने मला सारा रस्ता विचारले की मामा घोंगडी डोक्यावर घेऊन त्या पेटीत काय बघतात. मी सांगितले की जग उलटे बघतात. त्यावर तो म्हणाला, ते तर आमाला रोजच दिसतंय, त्याला पेटी कशापायी.

फोटो परवा टपालाने आला. आईने तो देवापुढे ठेवला, हळद वाहिली आणि कालच भाटघरला रवाना केला. आमच्याकडे दूध घालायला येते ती साळूबाई, तिलाही आईने आधी दाखवला होता. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, कोन म्हनायची ही, लई देखनी हाय, पन आपली सुहास न्हाई वाटत. आईला ते आवडले नाही.

मामा, तो फोटो मला आवडला नाही असे लिहिले तर ते खरे होणार नाही. आई देवघरातून उठली की मी पुन्हा पुन्हा जाऊन पाहत होते. गाल अगदी कोरा आणि स्वच्छ. मी लावलेले कुंकूही त्यात गेले होते, तुम्ही मग पेन्सिलीने टिकली काढलीत. इतके सगळे त्या काचेने पुसले. पाहता पाहता मला त्या मुलीचा हेवा वाटू लागला. मग वाटले, उद्या मी त्या घरात उंबरठा ओलांडून गेले तर तिथली माणसे माझ्या मागे बघतील, ती दुसरी कुठे राहिली म्हणून. आणि मी जन्मभर तिच्यासाठी ओशाळत राहीन.

तुम्ही मला त्या दिवशी दोन्ही काचा डोळ्याला लावून दाखवल्यात आणि काय करतो आहोत ते सांगितलेत. मग माझ्या आग्रहाने पिवळ्या काचेतूनही एक फोटो घेतलात. तो मला नको, भाटघरला द्या. टपालाने नको, तुम्ही स्वतः जा. मी पाठवला आहे असे सांगा. नाकारायचे तर त्यांनी मला नाकारावे.

आईला मी हे सांगितले आहे. ती माझ्याशी बोलत नाही. नाना म्हणाले की सुहास म्हणते ते मला पटते, पण तुझ्या आईसमोर मी ते मोठ्याने म्हणणार नाही.

माझ्यावरची माया कमी करू नका.

आपली आज्ञाधारक,
सुहासिनी

---

भोर,
ता. २१ फेब्रुवारी १९३७

चि. सुहासिनी हीस,
मामाचे अ. आ.

तुझे पत्र वाचले आणि आज रविवार म्हणून सायकल काढून भाटघरला जाऊन आलो. शरच्चंद्र धरणाच्या भिंतीवरच भेटले. उंच, सावळे, डोक्यावर उन्हाची टोपी. वाऱ्याने फोटो उडेल म्हणून ते पाठ वळवून बसले आणि दोन्ही फोटो, पिवळ्या काचेचा आणि मी सोबत नेलेली पहिल्याची प्रत, मांडीवर शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

तुझ्यापासून काही लपवायचे नाही म्हणून जसे झाले तसे लिहितो. त्यांचा चेहरा उतरला. आधी त्यांनी मलाच विचारले की पहिला फोटो असा का केलात. मी म्हणालो, तिच्या आईच्या सांगण्यावरून मी केला, मुलीला तो पाठवायचा नव्हता. मग त्यांनी विचारले, हा दुसरा कोणी पाठवला. मी तुझे नाव सांगितले आणि तू लिहिलेले वाक्यही सांगितले, नाकारायचे तर मला नाकारावे, हे.

ते म्हणाले, आईने पहिला फोटो शेजारणींना दाखवून झाला आहे, तिला हे कसे सांगावे ते मला सुचत नाही. पण सांगेन मीच, तुम्ही सांगू नका. ज्या मुलीने हा पाठवला तिला भेटावे असे मला वाटते, आईच्या वतीने मात्र मी शब्द देऊ शकत नाही.

निघताना त्यांनी दुसरा फोटो मागून ठेवून घेतला. यावरून काही ठरवू नकोस. मनाची तयारी दोन्हीकडची ठेव. आणि जेवत जा, तुझ्या नानांनी मला वेगळे कार्ड टाकले आहे.

तुझा,
मामा

---

वेल्हे,
ता. २५ फेब्रुवारी १९३७

चि. उपेंद्र यास,
ताईचा आशीर्वाद.

तू भाटघरला जाऊन आलास ते मला सुहासला आलेल्या तुझ्या पत्रावरून कळले. मला आधी विचारले असतेस तर बरे झाले असते. तुम्हा मामाभाचीला खरेपणाची हौस आहे. उद्या ते लोक नाही म्हणाले तर गावात मान खाली घालून मला वावरायचे आहे. दुसऱ्यांदा फोटो परत आला तर त्या पोरीचे काय होईल, याचा विचार दोघांपैकी एकानेही केला नाही. बाकी काही लिहावेसे वाटत नाही.

तिकडून काही कळले तर लगेच कळव.

ताई

---

भोर,
ता. ८ मार्च १९३७

ती. सौ. ताईस,
उपेंद्रचा कृ. सा. न. वि. वि.

तू रागावलीस ते मुकाट्याने डोक्यावर घेतले. आता स्वस्थ बसून हे वाच.

काल बाजाराचा दिवस. दुपारी दारात बैलगाडी थांबली. शरच्चंद्र आणि त्यांच्या आई उतरल्या. न कळवता आलेल्या. बाई ठेंगण्या, काटक, बोलणे मोजके. बसल्या बसल्या म्हणाल्या की माझ्या मुलाने मला दोन फोटो दाखवले आणि मी चार दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही. मला फसवले असे वाटले. आता मला त्या काचा बघायच्या आहेत.

मी डबी आणून दोन्ही काचा हातात दिल्या. पिवळी त्यांनी लावून लगेच खाली ठेवली. लाल लावून खिडकीबाहेर पाहिले, बाजारातल्या लाल मुंडाशांकडे पाहिले, त्यांना थोडे हसूही आले. तेवढ्यात सुहासच्या मामींचे दुधाचा पेला घेऊन बाहेर येणे झाले. बाईंनी काच तशीच डोळ्याला धरून तिकडे पाहिले. काच काढून पाहिले, पुन्हा लावून पाहिले. त्या काचेत आमच्या घरातले कुंकू नाहीसे झाले होते, ताई. ठसठशीत, रुपयाएवढे कुंकू, आणि कपाळ मोकळे.

त्यांनी काच माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, असले कपाळ मी रोज आरशात बघते, तुमच्या घरात मला ते बघायचे नव्हते. मग पेला घेतला, दूध संपवले, आणि शांतपणे म्हणाल्या की ज्या काचेत कुंकू टिकत नाही त्या काचेतली सून मला नको. त्या दुसऱ्या फोटोतल्या मुलीला बघायला आम्ही गुरुवारी वेल्ह्याला जातो, तसे कळवा. शरच्चंद्रांनी माझ्या घरातला पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला.

होकार आला असे मी म्हणत नाही. त्या सुहासला पाहायला येत आहेत, एवढे खरे. त्यांना तिखट चालत नाही, ते लक्षात ठेव.

आणि माझ्याशी बोल.

तुझा,
उपेंद्र

---

वेल्हे,
ता. १५ मार्च १९३७

चि. उपेंद्र यास,
ताईचे अ. उ. आ.

बोलते. गुरुवारपासून मी सगळ्यांशीच बोलते आहे, तुला तेवढे का वगळू.

लग्न ठरले. वैशाखातला मुहूर्त धरायचा आहे, तिथी निश्चित झाली की कळवीन. तुम्ही दोघांनी आठ दिवस आधी यायचे. फोटो तूच काढायचेस, आणि कुठली काच लावायची ते सुहासला विचारायचे. मला या विषयात कोणी विचारू नये असे इकडून फर्मान निघाले आहे.

मंडळी गुरुवारी सकाळीच आली. मी घाबरून गेले होते. सुहासला म्हटले, उजव्या अंगाने बस. ती समोर बसली, उजेडाकडे तोंड करून. शरच्चंद्रांनी तिला विचारले की काय वाचता, आणि तिने सांगितले. मग तिनेच विचारले की धरणाच्या भिंतीवर उभे राहिले की भीती वाटते का. ते म्हणाले की पहिल्या वर्षी वाटत असे, आता पाऊस फार झाला तरच वाटते. साळूबाई दाराआडून ऐकत होती. मला हळूच म्हणाली, बाई, हे जमतंय बगा, दोगं बी इचारत्यात.

पोह्यांच्या बशा उचलल्यावर शरच्चंद्रांच्या आईने सुहासला जवळ बोलावले. त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि लासे नीट पाहिले, तोंड न फिरवता. मग त्यावर बोटे ठेवून विचारले, उन्हात गेलीस की हे दुखते का गं?

सुहास म्हणाली, दुखत नाही, पण वैशाखात चुणचुणते. त्या म्हणाल्या, मग आमच्याकडे दुपारच्या वेळी बाहेर पडायचे नाही, आणि सायीचा हात फिरवत जाऊ.

उपेंद्र, माझी मुलगी तेव्हा रडली. फोटो परत आला तेव्हा रडली नव्हती. पाहायला आलेल्या माणसांसमोर, पदर न लावता रडली, आणि त्या तिच्या गालावरून बोटे फिरवत राहिल्या. त्या गालाविषयी लोकांनी आजवर पुष्कळ विचारले होते. तो दुखतो का, हे कोणी विचारले नव्हते.

घरात माझा आशीर्वाद सांग. आम्हा सर्वांना तुमची वाट पाहायला लावू नका.

तुझी,
ताई