ताईताची पिन

आई, इथूनच वाकून नमस्कार.

मी वेळेवर जेवते. किमचीच्या लोणच्याचे रांजण एकटीने उचलतेस का गं? शेजाऱ्यांना हाक मार.

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या कुपीत धातूची वाफ असते. काचतंतूंतून आणलेल्या उजेडाने ती हृदयाचं पुसटसं चुंबकत्वही टिपते. पण तीन आठवडे पडद्यावरची रेघ नुसती थरथरत होती. काल नामगुंग सरांनी माझ्याजवळ होकायंत्र आणलं, तर काटा थेट छातीकडे वळला. जाकिटाच्या आत तू ज्या पिनेने ताईत टाचलास, तीच ही पिन!

“आईला सांग, आमच्या यंत्रालाही आशीर्वाद द्या,” सर म्हणाले.

पिन काढली, रेघ स्थिरावली. मग मीच यंत्राखाली आडवी झाले. माझंही हृदय बाबांसारखं मध्येच ठोका चुकवतं. त्यांचं कळेपर्यंत ते गेले होते, माझं वेळेत कळलंय. घाबरू नकोस.

नवा ताईत पाठव. पिन नको, दोऱ्याने शिव.

तुझीच,
ओक्रान